तेरीज जुळली, व्हाउचर कुठंयत? कॅम्पातल्या शनिवारच्या वर्गाबद्दल

600 रुपयांत झेरॉक्स पुस्तिका, चहा-बिस्किट आणि दोन तास डोक्याला काम. बेळगावच्या कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी हा वर्ग भरतो. ख्रिस्ती विश्वास तर्काला धरून कसा मांडायचा आणि समोरच्याच्या बोलण्यातली विसंगती कशी पकडायची, हा विषय. चर्चचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि दर रविवारी पाळकसाहेबांना तोंड दाखवायचंय मला. पाचात साडेतीन देईन.

मी खडेबाजारात एका टॅक्सवाल्यांकडे अकाउंट्स बघते. 11 किंवा 20 तारीख शनिवारी आली की जीएसटीच्या रिटर्नपायी वर्ग बुडालाच. शिवाय शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, शनिवार खुटावरून स्कूटी बाहेर काढेपर्यंत जीव जातो. सहाचा वर्ग वेळेवर कधी सुरू होत नाही, ते माझ्या पथ्यावरच पडलं म्हणा.

शिकवणारे सर मिरजेकडचे. मराठी स्वच्छ, कानडी मुलं अडली की मध्येच कानडीत सांगतात, आणि प्रश्न विचारला की चिडत नाहीत. वर्गाचा पाया कॉर्नेलियस व्हॅन टिल (1895–1987) यांच्या विचारांवर आहे. जन्म हॉलंडातला, लहानपणीच अमेरिकेत गेले, 1929 पासून फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत शिकवलं. त्यांचं म्हणणं असं की कोरी पाटी घेऊन कुणीच वादाला बसत नाही. प्रत्येकाची काही गृहीतं असतात, आणि कशाला पुरावा म्हणायचं हेसुद्धा त्या गृहीतांवर ठरतं. म्हणून एकेका पुराव्यावरून हमरीतुमरीवर येण्यापेक्षा दोन्ही बाजूंची अख्खी मांडणी समोर ठेवा आणि विचारा, यात तर्काचे नियम कुठून आले? चांगलं-वाईट कुठून आलं? निसर्ग आज चालतो तसा उद्याही चालेल, हा भरवसा कशाच्या जोरावर?

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातली चौथी आणि पाचवी वचनं इथं कामाला येतात. चौथं म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, पाचवं म्हणतं दे. व्हॅन टिलच्या विचारांना पुढे नेणारे ग्रेग बान्सन (1948–1995) यांनी त्यातून दोन पायऱ्या काढल्या. आधी आपल्या पायावर उभं राहून आपलं सांगा. मग वादापुरतं समोरच्याच्या पायावर उभं राहा आणि तो कुठं खचतो ते दाखवा. 1985 साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्व्हाइनला, बान्सन आणि नास्तिक गॉर्डन स्टाइन यांचा वाद झाला, त्याचं रेकॉर्डिंग सरांनी लावलं. हॉलचा स्पीकर घरघरत होता, पण मुद्दा पोचला. तर्काचे नियम दिसत नाहीत, वजन करता येत नाहीत, तरी ते सगळीकडे सारखे लागू आहेत. सगळं काही जडवस्तूच असेल, तर हे नियम कुठं बसवणार? ऐकताना मजा आली.

वर्गातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे सराव. दोघांना समोरासमोर बसवतात, एक शंकेखोर होतो. नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही बोलून दाखवायचं, आणि तो ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. माझ्यासमोर व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एका कॉलेजचा पोरगा होता. म्हणाला, ‘आंटी, विज्ञानानं सिद्ध होतं तेवढंच खरं.’ मी त्याचं वाक्य तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, तिसऱ्यांदा त्यानं मान डोलावली. मग विचारलं, ‘बरं, हे तुझं वाक्य कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालंय?’ पोरगा हसला, म्हणाला, ‘तेवढं सोडून की!’ वाक्य त्याच्या स्वतःवरच लावून बघायची ही सवय आता ऑफिसातही सुटत नाही. पक्षकार वैतागतात.

आता तक्रारी.

पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात गॉर्डन क्लार्क (1902–1985) येतात. त्यांची रीत भूमितीची: पवित्र शास्त्र हे स्वयंसिद्ध धरायचं, बाकीचं त्यातून काढायचं, आणि जी मांडणी स्वतःशीच भांडते ती बाद. 1940 च्या दशकात क्लार्क आणि व्हॅन टिल या दोन गटांत चांगलीच जुंपली होती. पुस्तिका मात्र दोघांना एका पानावर गुण्यागोविंदानं बसवते. सुसंगतीवर लिहिलेल्या पुस्तिकेला हे शोभत नाही.

आणि सुसंगतीचं म्हणाल तर माझं पोट त्यावरच चालतं. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींची बेरीज, जुळली म्हणजे हिशेब खरा, असं मानणाऱ्याला आमच्याकडे आठवडाभरसुद्धा ठेवून घेणार नाहीत. एका खात्यात 500 जास्त आणि दुसऱ्यात 500 कमी पडले तरी तेरीज जुळते. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नाही, तरी जुळते. जुळली नाही तर कुठंतरी घोळ नक्की आहे, एवढंच ती सांगते. म्हणून आम्ही व्हाउचर, म्हणजे व्यवहाराचा कागदी पुरावा, मागतो. मी हे उभं राहून सांगितलं, सर म्हणाले, ‘चांगला मुद्दा आहे, पुढे घेऊ.’ पुढे घेतला नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलानं मात्र व्हाउचर लावलेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात तो पुनरुत्थानाचे साक्षीदार मोजून देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, पाचशेहून जास्त बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, म्हणजे जा आणि विचारा. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट, हेही तोच लिहितो. या अध्यायाला वर्गात पुस्तिकेतली दोन ओळींची टीप मिळते. हे मला अजिबात पटलं नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. सगळी उदाहरणं अमेरिकन नास्तिकाची. बेळगावात नास्तिक शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल. माझ्या शेजारी माळकरी आहेत, वर लिंगायत आणि ऑफिसात जैन काका. त्या काकांना मी डबा खाताना हौसेनं सांगितलं की देव मानल्याशिवाय तर्काचा नियम उभाच राहत नाही. काकांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ‘आम्ही जग करणारा ईश्वर मानत नाही, बाई. आणि तर्कावर आमच्या आचार्यांनी केवढे ग्रंथ लिहिलेत. अकलंक आठव्या शतकातले. त्यांनी तो नियम कुणाकडून आणला म्हणायचं?’ किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, इथून कितीशी लांब आहे? ती 1204 सालची. आणि आमच्या पुस्तिकेत जैन हा शब्दसुद्धा नाही.

सरांना विचारलं. व्हॅन टिलचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे त्याला देव आतून ठाऊक आहे, म्हणून न मानणाराही उसन्या भांडवलावर धंदा करतो. माझा विश्वास आहे त्यावर. पण काकांना हे पटायचं तर त्यांनी आधी पहिला अध्याय मानायला हवा, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी हातात दिलं. यावर सर म्हणाले की शेवटचा आधार कुणाचाही असाच असतो, बुद्धीचं समर्थनसुद्धा आपण बुद्धीनंच करतो. खरंय. पण मग हाच बचाव काकांनाही मिळतो. बाकी सगळ्या वाटा बंद आहेत असा दावा करायचा तर एकेक वाट चालून दाखवायला हवी. वर्ग जडवादाची वाट बंद करतो आणि चहाला सोडतो.

पौल अथेन्सात अरीयपग नावाच्या तिथल्या सभेपुढे उभा राहिला तेव्हा त्यानं तिथल्याच कवींचा दाखला दिला, प्रेषितांची कृत्ये 17 मध्ये आहे. आपल्याकडे तर माणूस घरचाच आहे. बाबा पदमनजी, जन्म 1831, बेळगाव. मुंबईत परमहंस सभा या जातिभेद न मानणाऱ्या गुप्त मंडळातल्या लोकांत वावरले, वर्षानुवर्षं शंका, वाचन, वाद केले आणि 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला. मराठीत वाद घालून ख्रिस्ती झालेला बेळगावचा माणूस वर्गात येत नाही आणि अर्व्हाइन येतं.

दुःखाचा धडा तर वगळला असता तरी चाललं असतं. कोविडात मुलगा गेलेल्या एका मावशींनी विचारलं, देवानं असं का केलं. उत्तर आलं की वाईटाला वाईट म्हणायलाच आधी चांगल्याचं माप लागतं. वादात हे उत्तर तोडीचं आहे. मावशींनी वही मिटून पिशवीत घातली. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाला समजवायला आलेले मित्रही मोठे सुसंगत बोलत होते, आणि त्या पुस्तकाच्या 42 व्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावला.

तरी जा म्हणेन, विशेषतः कॉलेजच्या मुलांना. पीयूसी (बारावी) झालेल्याला झेपेल. नुसती पुस्तिका 150 ला मिळते, ती घेऊ नका. सरावाशिवाय तिच्यात काही राम नाही आणि अक्षरं मुंगीएवढी. पुढची तुकडी नाताळानंतर आहे, नावनोंदणी उपासनेनंतर हॉलच्या दाराशी होते. गाडी आत लावू देत नाहीत, बाहेर रस्त्यावर लावावी लागते. आणि शेजारी कुणी जैन, लिंगायत, वारकरी असतील तर त्यांचे प्रश्न आधीच विचारून लिहून न्या. सर ऐकून घेतात, पण पाठपुरावा आपणच करायचा.