बचत गटाचा दशपर्णी अर्क: डाळिंबाच्या तेल्यावर तीन फवारण्या

सांगोल्याकडं आमची दोन एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. यंदा मृग बहारात (पावसाळ्याच्या तोंडी धरलेल्या फुलोऱ्यात) पाऊस उघडीप देईना आणि पानांवर तेलकट ठिपके दिसले. तेल्याच, म्हणजे डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग! फळावर डाग पडला की ते तडकतं, मग व्यापारी हात लावत नाही.

शेजारच्या गावातल्या बायकांच्या गटाकडून दशपर्णी घेतली. निर्गुडी, रुई, घाणेरी, करंज, गुळवेल, सगळा पाला माळावरचा नि बांधावरचा, शेण-गोमूत्रात महिनाभर ढवळून आंबवलेला. झाकण उघडलं की उग्र वास थेट नाकात चढतो. माल अस्सल आहे.

200 लिटर पाण्याला 5 लिटर, आठ-आठ दिवसांनी तीनदा मारला. आलेले डाग गेले नाहीत, पण नवी पालवी बरीच स्वच्छ निघाली. श्रेय एकट्या अर्काला देणार नाही. डागाळलेली फळं तोडून जाळली, कात्री दर झाडाला हायपोक्लोराइट या जंतुनाशकात बुडवली, शिवाय पाऊसही थांबला. मावा मात्र चांगलाच हटला.

तक्रार गाळणीची. नोझल चार वेळा तुंबलं, शेवटी धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घेतला. कॅनवर तयार केल्याची तारीखही हवी होती. पुढच्या बहाराला यांच्याकडूनच घेणार. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) सोबत असेलच, फक्त एका टाकीत मिसळणार नाही.