गतीबद्दलचे ग्रीक विचार: आधी ॲरिस्टॉटल वाचावा, एपिक्युरस की फिलोपोनस?

वस्तू का हलतात, याबद्दल प्राचीन ग्रीकांचं म्हणणं मुळातून वाचायचं ठरवलं की तीन नावं पुढे येतात. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. 384–322), एपिक्युरस (इ. स. पू. 341–270) आणि ॲरिस्टॉटलनंतर सुमारे आठशे वर्षांनी अलेक्झांड्रियात होऊन गेलेला फिलोपोनस. वेळ बेताचा असेल तर निवड करावीच लागते. ती करताना न्यूटनच्या सगळ्यात जवळ कोण, हा निकष मात्र लावू नका. त्या मापानं एपिक्युरस पहिला येतो आणि हाती थोडंच लागतं.

एपिक्युरसची सोय मोठी आहे. हेरोडोटस नावाच्या शिष्याला (हा इतिहासकार नव्हे) लिहिलेलं त्याचं पत्र एका बैठकीत वाचून होतं. पोकळीत अणूंना अडवणारं काही नसतं, म्हणून जड काय नि हलका काय, सगळे सारख्याच वेगानं जातात, असं तो त्यात म्हणतो. 1971मध्ये अपोलो 15च्या अंतराळवीरानं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं, त्याची आठवण होतेच. पण अणू खालीच का जातात? वजन हा त्यांचा गुणच आहे, एवढंच उत्तर मिळतं. आणि सगळे एकाच वेगानं समांतर पडत राहिले तर एकमेकांवर आदळणार कधी? त्यासाठी अणू मध्येच जरासा कलतो, असं त्याच्या पंथानं मानलं. हे कलणं त्याच्या उपलब्ध पत्रांत सापडत नाही. ते त्याचा रोमन अनुयायी ल्युक्रेशियस याच्या लॅटिन काव्यात येतं. तिथेही ते कधी आणि कुठे घडेल याला नियम नाही. ‘का’ हा प्रश्न जिथे टोचायला लागतो, नेमकी तिथे ही मंडळी पुढची वाट धरतात.

ॲरिस्टॉटल वाचायला कोरडा आणि शाळेपासून चुकीचा म्हणून बदनाम. तरी सुरुवात त्याच्यापासूनच करावी. त्याची मांडणी अशी: माती-पाणी विश्वाच्या मध्याकडे, हवा-अग्नी वर, ही झाली स्वाभाविक गती. आकाशातल्या गोलांची गती वर्तुळाकार. बाकी सगळी गती बळानं लादलेली, आणि लादणारा वस्तूला चिकटून हवा. मग हातातून सुटलेल्या दगडाला कोण ढकलतं? त्याचं उत्तर: हवा. हात हवेलाही ढकलण्याची शक्ती देतो आणि हवेचा एक थर ती पुढच्या थराला देत जातो. हसू येतं खरं. पण हा प्रश्न अडचणीचा आहे हे ओळखून तो टाळला नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

वस्तू जितकी जड तितकी वेगानं पडते, माध्यम जितकं दाट तितकी हळू, हे त्याचं विधानही वाटतं तितकं खुळं नाही. एकाच मापाची काचेची आणि पोलादाची गोळी मधाच्या उंच बरणीत सोडून बघा. हवेत थोड्या उंचीवरून टाकलेल्या दगडांना मात्र ते लागू पडत नाही. आपल्या प्रमाणांना मर्यादा आहे हे त्यालाही ठाऊक होतं: अनेकांनी मिळून ओढलेलं जहाज एकटा माणूस थोडंसुद्धा हलवू शकत नाही, हे त्यानंच नोंदवलंय.

खरी मेजवानी त्याच्या ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या चौथ्या पुस्तकातल्या आठव्या प्रकरणात आहे. पोकळी असती तर हलणारी वस्तू अमुकच ठिकाणी का थांबावी, याला कारण उरलं नसतं. अधिक बलवान काही आडवं येईपर्यंत ती जातच राहिली असती, असं तो लिहितो. जडत्वाचा नियम जवळजवळ तोंडावर आलेला! आणि हे इतकं अशक्य आहे की पोकळी असूच शकत नाही, असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो.

फिलोपोनस याच ग्रंथावर भाष्य लिहायला बसला आणि गुरूचा कान धरला. हवाच ढकलत असेल तर दगडाला हात लावायची गरजच काय? दगड काठीच्या टोकावर ठेवा, मागून यंत्रांनी हवी तेवढी हवा सोडा. तो हातभरही पुढे जाणार नाही. म्हणजे फेकणारा वस्तूतच काही शक्ती घालतो. वजनात कितीतरी पटींचा फरक असलेल्या वस्तू एकाच उंचीवरून टाकल्या तर वेळेतला फरक अगदी किरकोळ असतो, हेही त्याचंच निरीक्षण, गॅलिलिओच्या हजारएक वर्षं आधीचं. त्याची घातलेली शक्ती मात्र आपोआप संपत जाते, त्यामुळे जडत्व त्याच्याही हाती लागत नाही. त्याची गैरसोय उघड आहे: भाष्य अवाढव्य, आणि मूळ वाक्य माहीत नसेल तर वाद कशावर चाललाय हेच कळत नाही.

म्हणून माझा सल्ला: ॲरिस्टॉटलचं ते एक प्रकरण आणि त्यावरचं फिलोपोनसचं भाष्य, ही जोडी घ्या. न्यूटनचा पहिला नियम शिकवण्याआधी एखादा तास हाताशी असलेल्या शिक्षकांनाही एवढी पुरेल. अणू, देव, मरणाची भीती यांत रस असेल तर एपिक्युरस, आणि मग बेधडक. झेनोच्या न हलणाऱ्या बाणाचं कोडं (उडता बाण प्रत्येक क्षणी एकाच जागी असतो, मग तो हलतो कधी?) हवं असेल तर तेही ॲरिस्टॉटलकडेच, सहाव्या पुस्तकात.

पडताना वेग वाढत जातो याचा पुरावा शोधत असाल, तर तो या तिघांपेक्षा ॲरिस्टॉटलच्या शाळेचा तिसरा प्रमुख स्ट्रॅटो याच्याकडे बघा. त्याचा युक्तिवाद सिंप्लिकियस या ॲरिस्टॉटलच्या भाष्यकारामुळे टिकला: छपरावरून पडणारं पाणी वर सलग धार असतं आणि खाली येताना तुटून थेंब होतात; वेग कायम असता तर धार तुटली नसती.