द बोलिन टॅव्हर्न, अप्टन पार्क: मैदान गेलं, पब आहे

लंडनला आलेले आपले लोक ग्रीन स्ट्रीटला जातात ते साड्या आणि सोनं बघायला. मी कोल्हापूरचा, पेठेच्या फुटबॉलवर वाढलेला. मला त्या रस्त्याच्या टोकाचा पब महत्त्वाचा.

अप्टन पार्क स्टेशनातून दक्षिणेला चालत राहायचं. डाव्या हाताला नवे फ्लॅट लागतात, आठशेहून जास्त घरं. तिथंच वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचं बोलिन ग्राउंड होतं. १९०४ साली पहिल्याच मॅचला मिलवॉलला ३-० धुतलं. १९४४ मध्ये जर्मनांचा उडता बॉम्ब आदळला, तरी मैदान टिकलं. पाडलं ते क्लब स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेल्यावर. १० मे २०१६ ची शेवटची मॅच मी टीव्हीवर पाहिली. मँचेस्टर युनायटेडच्या बसवर बाटल्या पडल्या, खेळ पाऊण तास उशिरा सुरू झाला. (कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या मॅचला शाहू स्टेडियमवर बसलेल्याला याचं काय नवल!) वेस्ट हॅम १-२ असे मागे पडूनही ३-२ नं जिंकले, शेवटचा गोल विन्स्टन रीडचा.

पब १९०० च्या आसपासचा, २०२१ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडलेला. नक्षीच्या काचा, लाकडी पार्टिशनं घालून केलेले वेगवेगळे बार. मागच्या बाजूला जुनी बिलियर्ड्सची खोली आहे, वर रंगीत काचेचं छत. दुपारी जा आणि तिथंच बसा. मला बारवर एक आजोबा भेटले, त्यांनी ‘चिकन रन’ची गोष्ट रंगवून सांगितली: जुन्या मैदानाचा पूर्वेकडचा लाकडी, जाळी मारलेला स्टँड, साइडलाइनला इतका खेटून की पाहुण्या संघाच्या विंगरला (कडेनं खेळणाऱ्याला) प्रत्येक शिवी नीट ऐकू जायची. १९६८ साली तो काढला, पण आजोबांचा राग अजून गेलेला नाही.

चौकातला २००३ चा पुतळाही बघा. खांद्यावर बसलेला, विश्वचषक उंचावणारा इंग्लंडचा कप्तान बॉबी मूर. सोबत हर्स्ट, पीटर्स आणि रे विल्सन. १९६६ च्या फायनलचे इंग्लंडचे चारही गोल वेस्ट हॅमवाल्यांचे, हर्स्टचे तीन आणि पीटर्सचा एक. विल्सन तेवढा एव्हर्टनचा.

बिअर नको असेल तर कोक घ्या, कुणी हटकत नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच. फुटबॉलशी देणंघेणं नसेल आणि नुसती बिअरच प्यायची असेल, तर मात्र एवढ्या लांब यायची गरज नाही.