प्लॉटरची कॅरेज अडते तेव्हा: सव्वा वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

३६ इंची रोलचा, चार शायांचा आणि शाई उडवणारे हेड व शाईचे कार्ट्रिज वेगवेगळे असणारा हा प्लॉटर, म्हणजे मोठे नकाशे छापणारे यंत्र, आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातील दुकानात सव्वा वर्षापासून रोज चालतो. वेग, रिझोल्यूशन, मेमरी वगैरे गोष्टी माहितीपत्रकात सर्वांनी वाचलेल्या असतातच, म्हणून त्या येथे पुन्हा देत नाही. छपाईबद्दल माझी तक्रार नाही. काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची, असल्यामुळे ०.१३ मिलिमीटरची रेघही तुटत नाही, आणि साइटवर नकाशावर पाणी सांडले तरी काळ्या रेघा फुटत नाहीत. रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या आहेत, त्या मात्र ओघळतात. कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, आसपासचे आर्किटेक्ट आणि मकरपुऱ्याचे कारखानदार ही आमची गिऱ्हाइके रेघेच्या बाबतीत काटेकोर आहेत आणि त्यांच्याकडून एकही कागद परत आलेला नाही. तक्रार आहे ती यंत्राच्या पडद्यावर येणाऱ्या संदेशांबद्दल, आणि त्याहून अधिक एका नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या चापाबद्दल.

वॉरंटीचे वर्ष उलटले आणि ऐन सबमिशनच्या गर्दीत हेड घेऊन कागदावर आडवी धावणारी कॅरेज मधेच धाडकन थांबू लागली. पडद्यावर संदेश येई, ‘कॅरेजच्या मार्गात अडथळा, कागद काढा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा.’ कागद अडकलेला नसे. यंत्र बंद-चालू केले की एखादे ड्रॉइंग नीट निघे आणि दुसऱ्याला पुन्हा तोच प्रकार. सर्व्हिस सेंटरचा तरुण आला, झाकण उघडून त्याने आत टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, ‘काका, कॅरेज अने बोर्ड बन्ने बदलवा पडशे,’ म्हणजे कॅरेज आणि सर्किट बोर्ड दोन्ही बदलावे लागतील. मी म्हटले, ‘पहेलां पट्टी तो साफ करो, भाई.’ तो हसला, यंत्राच्या जवळजवळ निम्म्या किमतीचे अंदाजपत्रक त्याने टेबलावर ठेवले आणि भेटीचे पैसे घेऊन गेला. यंत्राला हातही न लावता घेतलेल्या त्या पैशांचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि या परीक्षणाचा सूर त्यामुळे थोडा कडवट झाला असेल तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

पट्टी म्हणजे कॅरेजच्या मागे, यंत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली पारदर्शक एन्कोडर पट्टी. तिच्यावर अतिशय बारीक उभ्या रेघा असतात; मोठ्या छपाईयंत्रांत बहुधा इंचाला १५० किंवा १८०. कॅरेजवरचा प्रकाशाचा सेन्सर या रेघा मोजत धावतो आणि आपण नेमके कुठे आहोत ते यंत्राला कळवतो. हेडमधून उडणारे शाईचे तुषार आणि कापलेल्या कागदाची भुकटी मिळून पट्टीवर राखाडी थर चढतो, तेवढ्या भागातल्या रेघा सेन्सरला दिसत नाहीत आणि मोटर फिरत असूनही जागा बदलत नाही असे यंत्राला वाटते. मग ते स्वतःला थांबवते आणि दोष कागदाला देते. पट्टी पुसण्यासाठी धागे न सोडणारे कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओले करावे, दोन बोटांत पट्टी हलकेच धरून एकाच दिशेने न्यावे आणि मग कोरड्या कापडाने टिपावे. थिनर किंवा ॲसिटोन यांच्या वाटेला जाऊ नये, कारण थराबरोबर रेघाही निघून जातात. आणि आकड्यावरून पट्टी निसटली तर पुन्हा अडकवताना तिची उलट-सुलट बाजू व ताण देणारी स्प्रिंग पाहून घ्यावी. पांढऱ्या कापडावर आलेला काळपट डाग पाहून मला जो आनंद झाला तो अंदाजपत्रकाच्या रकमेच्या प्रमाणात होता. यंत्र लगेच सुरळीत चालू लागले.

येथवर लिहून हा मजकूर मी ठेवून दिला होता, आणि ‘पट्टी पुसा, पैसे वाचवा’ एवढेच सांगून तो संपणार होता. दरम्यान तोच संदेश पुन्हा आला आणि आता माझे मत बदलले आहे. या वेळी पट्टी स्वच्छ होती. अडकणे मात्र ठरावीक जागी, म्हणजे कार्ट्रिजपासून सर्वांत दूर असलेल्या डाव्या टोकाजवळ होत होते, आणि तेही सकाळी पहिल्या काही फेऱ्यांत. अशा वेळी करण्याची तपासणी सोपी आहे. मेनूमधून हेड बदलण्याची आज्ञा द्यावी, कॅरेज पार्किंगमधून बाहेर येऊन मध्यावर थांबली की वीज काढावी आणि कॅरेज हाताने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवावी. सर्वत्र सारखाच जोर लागला तर कॅरेज ज्यावर सरकते तो दांडा आणि तिला ओढणारा बेल्ट ठीक आहेत. सगळीकडेच जड जात असेल तर दांड्यावरचे जुने, धुळीने घट्ट झालेले तेल पुसून हलक्या तेलाचे एक-दोन थेंब लावावेत. बेल्टचे दात झिजले असतील तर कॅरेज गचके खाते. आणि एकाच ठिकाणी जड जात असेल तर तिथे कॅरेजला काय घासते आहे ते पाहावे. हे सारे झटपट उरकावे, कारण पार्किंगमधल्या टोपीखाली नसलेले हेड उघड्यावर वाळत असते.

माझ्या यंत्रात घासत होती ती शाईच्या नळ्यांची जुडी. कार्ट्रिज बाजूला स्थिर असतात आणि चार नळ्यांची जुडी कॅरेजबरोबर वळण घेत येरझारा घालते. एका फेरीत अर्ध्या इंचाचा पट्टा छापणाऱ्या हेडला ए-झिरो कागदाच्या लांबीचे ११८९ मिलिमीटर पार करायला एकेरी छपाईतसुद्धा नव्वदहून अधिक फेऱ्या लागतात, आणि चांगल्या दर्जाची छपाई निवडली तर त्याच्या कितीतरी पट. इतक्यांदा वाकणारी ही जुडी वरच्या पन्हळीत धरून ठेवण्याचे काम ज्या चापावर सोपवले आहे, त्याचा एक कान काडेपेटीच्या काडीएवढा जाड आहे आणि तो तुटला होता. त्यामुळे नळ्यांचे वळण फुगून झाकणाला आतून टेकत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला, ते उचलून उजेडात तिरके धरल्यावर, हातभर लांबीची चकचकीत घासलेली रेघ मला स्पष्ट दिसली. नळ्या सकाळी गारव्याने ताठ असत, तेव्हा मोटरवर ओढ जास्त पडे. दुपारी त्या मऊ झाल्या की यंत्र शहाण्यासारखे चाले. बोर्ड, कॅरेज, मोटर, सर्व निर्दोष.

हा चाप सुटा मिळत नाही! कंपनीच्या भागांच्या यादीत त्याला क्रमांकच नाही; चाप हवा असेल तर चारही नळ्यांचा अख्खा संच घ्यावा लागतो. लाखांच्या घरातल्या यंत्राचा आराखडा करणाऱ्यांनी, सर्वांत जास्त हलणारा भाग सर्वांत कमकुवत प्लॅस्टिकवर का टांगावा आणि तो तुटल्यावर चांगल्या नळ्या का फेकायला लावाव्यात, हे मला अजून समजलेले नाही. तूर्त मी नायलॉनच्या बारीक टायने जुडी पन्हळीला बांधली आहे. टाय आवळू नये, नळी सहज सरकेल इतकी सैल ठेवावी आणि तिचे उरलेले टोक मुळापासून कापावे, नाहीतर तेच एन्कोडर पट्टीला घासते.

दुसऱ्या जातीचा दोष, म्हणजे ‘निळी शाई मिळत नाही’ किंवा ‘कार्ट्रिज तपासा’, हादेखील अनेकदा याच जुडीतून उगवतो. फोनवरचा सल्ला ठरलेला असतो: नवे कार्ट्रिज घाला. त्याआधी संदेश केव्हा येतो ते पाहावे. यंत्र सुरू होताच, एक थेंबही उडण्याआधी तो आला तर संशय कार्ट्रिजवरच्या चिपच्या धातूच्या बिंदूंवर आणि खाचेतल्या पिनांवर धरावा. कार्ट्रिज काढून ते बिंदू कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून पुन्हा नीट दाबून बसवले की बहुतेक वेळा काम होते. बारीक रेघांचे नकाशे व्यवस्थित निघतात आणि भरीव रंगाचा लेआउट मात्र अर्ध्यावर फिका पडून संदेश येतो, असे असेल तर कार्ट्रिज भरलेले असूनही शाई वाटेत अडते आहे. नळी दबली आहे किंवा तिच्यात हवा शिरली आहे. टॉर्च धरून पाहिले तर नळीतली पोकळी दिसते. मोहरीएवढा बुडबुडा घातक नसतो, पण बोटभर रिकामी नळी दिसली तर जोडातून हवा येते आहे असे समजावे. या स्थितीत हेड-क्लीनिंग पुन्हा पुन्हा चालवणे म्हणजे शाई विकत घेऊन टाकाऊ शाईच्या टाकीत ओतणे होय, आणि ती टाकी भरली की तिचाही खर्च आपल्याच माथी येतो.

एवढ्यावर भागत नाही. यंत्र शाई मोजत नाही, उडवलेले थेंब मोजते. त्यामुळे पडद्यावर ‘संपली’ दिसते तेव्हा आत शाई उरलेली असते. मी काढलेले कार्ट्रिज शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर, फोडून पूर्ण रिकाम्या केलेल्या जुन्या कार्ट्रिजच्या शेजारी ठेवून पाहिले आहे. फरक डोळ्यांत भरण्यासारखा निघाला. तरीही बाजारातली कुठलीही स्वस्त शाई भरण्याच्या मताचा मी नाही, कारण पिगमेंटच्या नळीत भलत्याच प्रकारची शाई गेली तर ती साखळते आणि मग नळ्यांबरोबर हेडही जाते.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. हेड आणि कागद यांच्यातले अंतर दीड-दोन मिलिमीटरचे असते. दमट हवेत रोल फुगून कागदाच्या कडा उचलल्या की कॅरेज त्यांना खरोखरच धडकते, आणि तेव्हा पडद्यावरचा संदेश खरा असतो. अर्धा वापरलेला रोल रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. प्लॉटर यूपीएसवर असावा, कारण छपाई चालू असताना वीज गेली तर हेड टोपीखाली जात नाही.

रेघांचे काम मुख्य असेल तर हे यंत्र घ्यावे, रंगीत पोस्टरसाठी घेऊ नये. आमचे सध्या व्यवस्थित चालू आहे. तरीही नळ्यांचा संच मी मागवला आहे, कारण काळ्या नळीवर वळणाच्या जागी पांढुरकी भेग दिसू लागली आहे आणि ती एन्कोडर पट्टीवर फुटली तर अंदाजपत्रक खरे ठरेल. संच बसवण्याच्या मजुरीवरून सर्व्हिस सेंटरशी घासाघीस चालली आहे; मागच्या भेटीचे पैसे त्यातून वजा करावेत, असे माझे म्हणणे आहे, आणि ते अजून त्यांनी मान्य केलेले नाही.