जीकेई, ईकेएस की एकेएस: क्लस्टर कुठल्या कन्सोलवर सांभाळाल?

कुबरनेटिस, म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेली ॲप अनेक यंत्रांच्या समूहावर (क्लस्टरवर) चालवणारी प्रणाली, क्लाउडवर न्यायचं ठरलं की सगळी चर्चा नोडच्या, म्हणजे त्या यंत्रांच्या भाड्याभोवती फिरते. रोज ज्याच्याशी गाठ पडते तो वेब कन्सोल मात्र कुणी नीट पाहत नाही. गूगलचं जीकेई, ॲमेझॉनचं ईकेएस आणि मायक्रोसॉफ्टचं एकेएस या तयार कुबरनेटिस सेवांमध्ये खरा फरक तिथेच आहे. टीम चार-पाच जणांची असेल आणि क्लस्टर सांभाळायला वेगळा माणूस नसेल, तर निवड यावरच करावी असं माझं ठाम मत आहे.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. रात्री दोनला एक पॉड (ॲपचे कंटेनर चालवणारं सर्वात छोटं एकक) मेमरीची मर्यादा ओलांडतो. कर्नल त्याला मारतो, एक्झिट कोड १३७ पडतो, पॉड पुन्हा उठतो, पुन्हा पडतो आणि लोड उतरल्यावर सावरतो. सकाळी दहाला तुम्ही कन्सोल उघडता. कुबरनेटिस आपले इव्हेंट, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, मुळात एकच तास ठेवतं, त्यामुळे क्लस्टरमध्ये आता त्याची फारशी खूण उरलेली नसते. त्या नोंदी बाहेर कुठे साठल्या का, यावर सगळं अवलंबून.

जीकेईमध्ये साठलेल्या असतात. कंटेनरचे लॉग आणि इव्हेंट दोन्ही क्लाउड लॉगिंग या गूगलच्या लॉग-सेवेत आपोआप जातात. वर्कलोड्सच्या पानावर त्या ॲपचं डिप्लॉयमेंट (त्याचे पॉड चालू ठेवणारी व्याख्या) उघडायचं, लॉगवर जायचं, वेळ मागे सरकवायची, की कारण समोर. प्रत्येक प्रोजेक्टला महिन्याला ५० जीआयबी लॉग फुकट आहेत, पुढे जीआयबीमागे अर्धा डॉलर. प्रॉडक्शनमध्ये डीबग लॉग चालू राहिले तर बिल इथेच फुगतं, तेवढं सांभाळा.

ईकेएसचा रिसोर्सेस टॅब पॉड, डिप्लॉयमेंट, इव्हेंट नीट दाखवतो, पण तुमच्या ॲपचे लॉग तिथे नसतात. त्यासाठी क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या लॉग-सेवेचा ॲडऑन वेगळा बसवावा लागतो. कंट्रोल प्लेनचे, म्हणजे क्लस्टर चालवणाऱ्या मध्यवर्ती भागाचे, पाच प्रकारचे लॉगही मुळात बंदच असतात. नव्या माणसाला सर्वात जास्त छळते ती परवानगी: खात्यात ॲडमिन असूनही क्लस्टरचं पान रिकामं दिसतं, कारण आयएएमचा, म्हणजे ॲमेझॉन खात्याचा हक्क वेगळा आणि क्लस्टरच्या आतला वेगळा. पूर्वी यासाठी क्लस्टरमधल्या एका कॉन्फिगमॅपमध्ये (सेटिंगच्या नोंदीत) हात घालावा लागायचा आणि तिथे एक स्पेस चुकली तरी लोक बाहेर पडायचे. २०२३च्या अखेरीस ॲक्सेस एंट्री, म्हणजे कुणाला क्लस्टरमध्ये काय हक्क याच्या नोंदी आल्या, तेव्हापासून हे काम कन्सोलवरूनच होतं. जुन्या क्लस्टरवर मात्र आधी ऑथेंटिकेशन मोड बदलून घ्या.

एकेएसचं पोर्टल मला मधलं वाटतं. चालू कंटेनरचे लाइव्ह लॉग लगेच दिसतात, पण कालच्या रात्रीचे हवे असतील तर लॉग साठवणारं कंटेनर इनसाइट्स आधीच चालू केलेलं हवं. दोन सोयी मात्र फार कामाच्या. क्लस्टर प्रायव्हेट, म्हणजे इंटरनेटवरून बंद असला तरी रन कमांडने पोर्टलवरूनच कुबसीटीएल (कुबरनेटिसचं कमांड चालवायचं साधन) चालवता येतं. दुसरी म्हणजे थेट स्टॉप बटण: डेव्हलपमेंटचा क्लस्टर शुक्रवारी संध्याकाळी कंट्रोल प्लेनसकट बंद, सोमवारी चालू. डिस्कचे पैसे मात्र लागत राहतात. क्लस्टरला सगळ्या आज्ञा घेणाऱ्या एपीआय सर्व्हरवर आयपीचं बंधन घातलं असेल तर घरून पोर्टल उघडल्यावर पॉडची यादी येत नाही, कारण तुमचा ब्राउझर थेट त्या सर्व्हरशी बोलतो. तुमचा आयपी मंजूर यादीत घालावा लागतो.

पैशांचं थोडक्यात: नोडचं भाडं सोडून जीकेई आणि ईकेएस दोन्हीकडे क्लस्टरमागे तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर. गूगल महिन्याला ७४.४० डॉलरची सूट देतं, त्यात एक झोनल (एकाच झोनमधला) किंवा ऑटोपायलट (नोड गूगलच सांभाळतं असा) क्लस्टर निघतो. एकेएसचा फ्री टिअर खरोखर फुकट आहे, पण त्याला अपटाइमची हमी नाही. ईकेएसवर कुबरनेटिसची आवृत्ती चौदा महिन्यांपलीकडे रेंगाळली की दर तासाला ६० सेंट होतो. अपग्रेड पुढे ढकलणाऱ्या टीमला हे महागात पडतं. डेटा देशात ठेवायचा असेल तर तिघांकडेही सोय आहे. गूगल आणि ॲमेझॉनची मुंबईत, मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं सेंट्रल इंडिया तर पुण्यातच.

कोऱ्या पाटीवर सुरुवात असेल तर मी जीकेई सांगेन. डेटाबेस आणि क्यू आधीच ॲमेझॉनवर असतील तर ईकेएसच घ्या, फक्त ॲडऑन आणि ॲक्सेस एंट्री पहिल्याच दिवशी करून टाका. ऑफिसची लॉगिन मायक्रोसॉफ्टवर असतील तर एकेएसमध्ये परवानग्यांची डोकेदुखी बरीच कमी होते.

कुठलाही घेतलात तरी कन्सोलमधून यामल (कुबरनेटिसच्या सेटिंगच्या फायली) बदलायची सवय लावू नका. मॅनिफेस्ट, म्हणजे याच फायली, गिटमध्ये असतील आणि क्लस्टर गिटशी जुळता ठेवणाऱ्या आर्गो सीडीचं सेल्फ-हील चालू असेल तर तुमचा बदल थोड्याच वेळात पुसला जातो, आणि ते नसेल तर गिटमध्ये एक, क्लस्टरमध्ये दुसरंच अशी अवस्था होते. बहुतेकांना फक्त बघण्याचा हक्क द्या. दोन क्लाउडवर क्लस्टर असतील तर कंपनीचे कन्सोल सोडून रँचर पाहा, त्यात सगळे क्लस्टर एकाच जागी सांभाळता येतात. दोन-तीनच क्लस्टर असतील तर हेडलॅम्प हा साधा डॅशबोर्ड पुरतो. तो लॅपटॉपवरही चालतो आणि तुमच्या कुबकॉन्फिगमधले (क्लस्टरशी जोडणाऱ्या फायलीतले) हक्क जसेच्या तसे पाळतो.