उन्हाळी शिबिर की रोजचं मैदान?

एप्रिल लागला की सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिरां’चे फलक झळकतात. दहा दिवसांत आत्मविश्वास! लेकीला मी एका वर्षी अशा शिबिराला घातलं. पुढची दोन वर्षं ती संध्याकाळी खो-खोला जातेय. दोन्हीकडे फी मोजली आहे, म्हणून बोलते.

चारचौघांत न अडखळता बोलता येणं हा आत्मविश्वास. अडखळलो तरी आपण कमी ठरत नाही, हे आतून वाटणं म्हणजे आत्मसन्मान. पहिल्यासाठी शिबिर उपयोगी पडतं, हे मान्य. चौथ्या दिवशी लेक पंचवीस पोरांसमोर उभी राहून बोलली. पण तिच्या तोंडून ‘काय करलालास बे’ असं घरचं सोलापुरी निघालं तेव्हा सरांनी नक्कल केली आणि वर्ग हसला. घरी येऊन तिने विचारलं, “आई, आजी चुकीचं बोलते का गं?” आपल्या गावात घरी तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी कितीतरी पोरं आहेत. त्यांना हा प्रश्न रोजच पडत असेल.

दुसरी गोष्ट कौतुकाची. शिबिरात सगळंच ‘अप्रतिम’, शेवटी सगळ्यांना पदक. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात 8 ते 12 वर्षांच्या मुलांच्या चित्रांचं कौतुक केलं होतं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होतं, ती मुलं अतिशयोक्त स्तुतीनंतर अवघड चित्रं टाळू लागली. एवढं डोक्यावर घेतल्यावर पुन्हा तसंच काढता आलं नाही तर, ही धास्ती. मैदानावर लेकीला खांबावर सूर मारायला कित्येक महिने जमत नव्हतं, गुडघ्यांना हळद रोजची. एके दिवशी गडी हाती लागला. खो-खो शिकवणाऱ्या ताई एवढंच म्हणाल्या, “आज पाय लवकर उचललास.” पदक कुठल्या खणात पडलंय कुणास ठाऊक, पण हे वाक्य तिने मला तीनदा ऐकवलं.

वयही बघा. पहिलीतल्या पोराला ‘वर्गात सगळ्यात जोरात कोण पळतं?’ विचारा, बहुतेक जण ‘मी’ म्हणतील. आठच्या आसपास मुलं स्वतःला इतरांशी ताडून बघू लागतात. त्याआधी मला तरी दोन्हीकडचे पैसे वाया वाटतात. सातवी-आठवीतलं मूल गप्प झालं म्हणून लगेच शिबिर शोधू नका. 2018 च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात आत्मसन्मान सरासरीने 4 ते 11 वर्षांत वाढताना, 15 पर्यंत जवळपास स्थिर आणि मग तिशीपर्यंत पुन्हा वाढताना दिसला. अर्थात ही सरासरी आहे. मूल खात-झोपत नसेल, शाळाच नको म्हणत असेल, तर शिबिर-मैदान बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

शाळेत फक्त भाषणाचीच भीती असेल तर शिबिर घ्या, मी अडवणार नाही. बाकी माझं मत मैदानाला. तबला, पोहणं, चित्रकला, रोजचं काहीही चालेल. पण चुकलेल्या पोराला सगळ्यांसमोर सोलणारे मास्तर असतील तर ते मैदान शिबिराहून वाईट. फी भरण्याआधी एक संध्याकाळ कडेला बसा. बाद झालेलं पोर कुठे जाऊन बसतं आणि त्याच्याशी पहिलं कोण बोलतं, तेवढं बघा.