मुलांचे इअरमफ: आठ महिने आणि दोन पार्कवाऱ्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं एका मोठ्या मनोरंजन पार्कला गेलो होतो. तेव्हा साडेपाच वर्षांची असलेली लेक दुसऱ्याच राइडला घाबरली. अंधारा बोगदा होता आणि वळणावर एकदम कानठळ्या बसवणारा आवाज झाला. बाहेर आल्यावर तिने माझी ओढणी मुठीत धरली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. मोठा मुलगा हिरमुसला आणि आम्ही आळीपाळीने बाकावर बसून राहिलो. पूर्ण दिवसाची चार तिकिटं काढली होती, त्यातला जेमतेम दीड तास वापरला.

घरी आल्यावर नीट विचार केला. ही पोर जत्रेतल्या पाळण्यात सगळ्यात वर गेल्यावर हात सोडून बसते, म्हणजे उंचीची भीती तिला नाही. पण मिक्सर लावला की ती बाल्कनीत पळते. मॉलच्या स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र सुरू झालं की ओल्या हातांनीच बाहेर येते. भीती आवाजाची होती आणि आम्ही तिला ‘घाबरतेस काय एवढी’ म्हणून दटावत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जूनमध्ये ऑनलाइन साडेआठशे रुपयांना मुलांच्या मापाचे इअरमफ, म्हणजे आवाज दाबणारी कानांवरची गादीदार झाकणं, घेतले. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. खोक्यावर 25 डेसिबल लिहिलं होतं, म्हणजे आवाज तेवढा कमी होतो असा दावा. हा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा, डेसिबलचं गणित सरळ चढत नाही. साधारण 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे कागदावर 25 हा चांगला मोठा फरक आहे. पण तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. केसांची बट किंवा चष्म्याची काडी कानावरच्या गादीखाली अडकली तरी फट राहते आणि आवाज आत येतो. आम्ही पहिल्या दिवसापासून तिचे केस मागे घट्ट बांधूनच ते घालतो.

आणल्या आणल्या पार्कला नेलं नाही. आठवडाभर घरी सराव केला. मी चटणीसाठी मिक्सरमध्ये खोबरं घातलं की ती स्वतः इअरमफ चढवायची आणि मला अंगठा दाखवायची, मग मी बटण दाबायचं. चौथ्या दिवशी तिने मिक्सर चालू असतानाच एक कान उघडून बघितला. ‘दार थोडंसं उघडलं’ म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात इअरमफला ‘दार’ म्हणतात. माझ्या मते खरा गुण आला तो इथेच. आवाज किती आत घ्यायचा हे तिच्या हातात आलं.

जुलैमध्ये मुलांच्या शाळेला एक दिवस दांडी मारून खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला गेलो. मधल्या वारी तिकीट स्वस्त पडलं, गर्दी नव्हती, त्यामुळे रांग टाळायच्या जादा पासचे पैसेही वाचले. डोंबिवलीहून थेट खोपोली लोकल पकडली आणि पुढे रिक्षा केली. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून गाडीतच थालीपीठ आणि दही पोटभर खाऊन घेतलं. रेनकोट, कोरडे कपडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या घरूनच नेल्या. पावसाळ्यातलं जाणं स्वस्त असतं, पण जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, ती तयारी मनाची ठेवा. आमचा तास-सव्वा तास त्यात गेला.

त्या दिवशी ती एकूण सहा ठिकाणी बसली. नायट्रो या मोठ्या रोलरकोस्टरचा तिचा प्रश्नच नव्हता, तिथे उंची मोजूनच सोडतात. मुलगा आणि त्याचे बाबा त्यात गेले तेव्हा ती ‘दार’ लावून खाली उभी राहून हात हलवत होती. डोक्यावरून गाडी घोंगावत गेली तरी जागची हलली नाही. मला तेवढ्यानेच भरून आलं.

इथे महत्त्वाची सूचना. चालत्या राइडमध्ये इअरमफ घालू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सैल वस्तू उडाली तर मागच्याला लागेल. त्यामुळे खरा उपयोग रांगेत, कार्यक्रमात आणि मिरवणुकीत होतो. राइडच्या आत काय होणार आहे ते आम्ही आदल्या रात्री व्हिडिओवर दाखवतो, आधी आवाज बंद करून आणि मग हळूहळू वाढवत. एका फुकटच्या व्हिडिओने काम होतं तिथे तिकीट वाया घालवू नका.

मधल्या महिन्यांत इअरमफ कपाटात पडून राहिले नाहीत. गणपतीत ढोल-ताशाच्या पथकासमोर ती पहिल्यांदाच उभी राहिली. मात्र ढोलाचा ठोका छातीत जाणवतोच, खालच्या पट्टीचे आवाज हे इअरमफ फारसे अडवत नाहीत. ताशाची तडतड मात्र छान दबते. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या गर्दीतही तेच. फटाक्यांना नियमाने 4 मीटरवर 125 डेसिबलपर्यंत परवानगी आहे, तेव्हा लहान मुलांच्या कानांना संरक्षण हवंच, भीती असो वा नसो. रस्ता ओलांडताना आणि रेल्वे फलाटावर मात्र आम्ही काढायलाच लावतो.

आता तक्रारी. ऑक्टोबरच्या उकाड्यात अर्ध्या तासात कानामागे घाम येऊन खाज सुटते. डोक्यावरच्या पट्टीचं रेक्झिन पाचव्या महिन्यातच तडकलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, ‘वॉरंटीत बसत नाही’ एवढंच उत्तर आलं. मी जुन्या सुती साडीचा तुकडा शिवून गवसणी घातली, धुता येते म्हणून ती जास्त बरी. कानाच्या डॉक्टरांनी एक बजावलं होतं, सारखे घालून ठेवू नका, नाहीतर साधे आवाजही टोचायला लागतात. त्यामुळे घरात ‘दार’ वापरणं आता बंद.

जानेवारीत पुन्हा इमॅजिकाला गेलो ते राजासॉरस नावाच्या, पाण्यातल्या बोटीच्या राइडसाठी. राजासॉरस हा आपल्याकडचाच डायनोसॉर, त्याचे अवशेष गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात सापडले आणि 2003 मध्ये त्याला हे नाव मिळालं, हे भावाने तिला महिनाभर आधी शिकवून ठेवलं होतं. रांगेत ती ‘दार’ लावून होती. बोटीपाशी तिने ते स्वतःच काढून माझ्या पिशवीत टाकलं आणि चेन ओढली. पहिल्या वळणाला दोन्ही कानांत बोटं घातली होती. दुसऱ्या वळणाला तिने एक बोट काढलं, कारण त्या हाताने तिला भावाला डायनोसॉर दाखवायचा होता. शेवटच्या घसरणीनंतर चिंब भिजून वर आली आणि थेट परत रांगेकडे निघाली.

पट्टीची आता शेवटून दुसरी खाच लागते आहे. पुढचे घेताना मी एक माप मोठं आणि धुता येणाऱ्या कापडाच्या पट्टीचं बघणार आहे. तुम्हीही रंग बघण्याआधी पट्टी बघा.